स्वॅप द्यायचं की नाही? आधी टेबलावर काय पडलंय ते बघा

गेल्या आठवड्यात रात्री साडेअकराला एका ज्युनिअरचा मेसेज आला. "ताई, नवीन लॅपटॉपवर उबुंटू टाकतोय. रॅम १६ जीबी आहे. स्वॅप किती देऊ? एक जण म्हणतो रॅमच्या दुप्पट दे, दुसरा म्हणतो आजकाल कुणी देतच नाही." मी लिहिलं, "८ जीबीची स्वॅप फाइल दे आणि झोप." दोन मिनिटांनी त्याचा प्रश्न आला, "पण ८ च का?"

प्रश्न बरोबर होता. पीएचडीला येणाऱ्या मुलाने हाच प्रश्न विचारायला हवा. आणि खरं सांगायचं तर दोन वर्षांपूर्वी मला याचं उत्तर देता आलं नसतं. तेव्हा मी लॅबच्या मशीनवर आधी शून्य स्वॅप ठेवलं, मग ३२ जीबी दिलं, आणि दोन्ही वेळा तोंडावर पडले. दुसऱ्या वेळी माझ्याबरोबर लॅबमधल्या एका मित्रालाही पाडलं. ती गोष्ट सांगते, कारण तिच्यातले आकडे साधे आहेत आणि अख्खा विषय त्या आकड्यांत येतो.

माझं काम पक्ष्यांच्या आवाजांवर आहे. सह्याद्रीत लावलेल्या रेकॉर्डरमधून आवाजाचे छोटे छोटे तुकडे काढायचे, आणि कुठला तुकडा कुठल्या तुकड्यासारखा आहे हे मोजून त्यांचे गट पाडायचे. त्या वेळी माझ्याकडे ४०,००० तुकडे होते. प्रत्येकाचं प्रत्येकाशी अंतर मोजायचं म्हणजे ४०,००० गुणिले ४०,०००, म्हणजे १६० कोटी आकडे. पायथनमध्ये एक दशांश आकडा सहसा ८ बाइट घेतो. झाले १२.८ जीबी. मशीनची रॅम १६ जीबी. मी म्हटलं, बसतंय की.

पण बसलं नाही. सायपायचं अंतर मोजणारं फंक्शन हुशार आहे. अ ते ब आणि ब ते अ हे अंतर एकच, म्हणून ते अर्धाच तक्ता देतं, ६.४ जीबीचा. माझ्या पुढच्या कोडला पूर्ण चौकोनी तक्ता हवा होता, म्हणून मी एका ओळीत अर्ध्याचा पूर्ण केला. जुना अर्धा तक्ता मात्र व्हेरिएबलमध्ये तसाच पडून राहिला. म्हणजे ६.४ अधिक १२.८, एकूण १९.२ जीबी. स्वॅप शून्य, कारण मशीनची देखभाल माझ्याकडे होती आणि "स्वॅपने एसएसडी झिजते" असं कुठेतरी वाचून इन्स्टॉल करताना मीच ते काढून टाकलं होतं. सकाळी येऊन बघते तर टर्मिनलवर एकच शब्द होता, 'किल्ड'. एरर नाही, कोडमधल्या ओळीचा नंबर नाही, काही नाही. चार दिवसांनी प्रगती समितीसमोर उभं राहायचं होतं.

हे नेमकं कुणी मारलं, आणि का?

त्यासाठी कर्नल मेमरीकडे कसं बघतो ते समजून घ्यावं लागतं. तुमच्या अभ्यासाच्या टेबलाची कल्पना करा. टेबल म्हणजे रॅम. त्यावर दोन प्रकारचे कागद आहेत. काही लायब्ररीतून आणलेली पुस्तकं, आणि काही तुम्ही हाताने काढलेल्या नोट्स. टेबल भरलं तर पुस्तक परत देता येतं, लागलं तर पुन्हा आणता येतं. नोट्सचं तसं नाही. त्यांची दुसरी प्रत कुठेच नाही. त्या टेबलावरून हलवायच्या तर कुठेतरी ठेवाव्या लागतात. घरात माळा असेल तर माळ्यावर टाकता येतात. माळाच नसेल तर? मग त्या टेबलावरच राहणार, वर्षभर हात लागला नाही तरी.

लिनक्समध्ये मेमरीचे साधारण ४ केबीचे तुकडे असतात, त्यांना पानं म्हणतात. प्रोग्रॅमचा कोड, लायब्ररी, डिस्कवरून वाचलेल्या फाइल्स यांची पानं म्हणजे लायब्ररीतली पुस्तकं, कारण मूळ प्रत डिस्कवर असते. तुमच्या प्रोग्रॅमने चालताना स्वतः तयार केलेले ॲरे, तक्ते, लिस्ट यांची पानं म्हणजे नोट्स. यांना अनामिक पानं म्हणतात, कारण त्यांच्यामागे कुठल्याही फाइलचं नाव नसतं. आणि स्वॅप म्हणजे या अनामिक पानांसाठीचा माळा. बस्स, एवढंच. स्वॅप म्हणजे 'हळू चालणारी जास्तीची रॅम' ही समजूत आधी डोक्यातून काढा. सगळी गडबड तिथूनच सुरू होते.

आता माझ्या ६.४ जीबीच्या पडून राहिलेल्या तक्त्याकडे बघा. तो पुन्हा कधीच वाचला जाणार नव्हता. पण हे कर्नलला कसं कळणार? व्हेरिएबल जिवंत आहे म्हणजे पानं जिवंत आहेत. माळा नाही म्हणून ती हलवता येत नाहीत. पूर्ण तक्ता मात्र हळूहळू भरत चाललाय. कर्नल आधी पुस्तकं परत करत सुटतो. परत करण्यासारखं काही उरलं नाही की शेवटी त्याचा आउट ऑफ मेमरी किलर जागा होतो आणि सगळ्यात जास्त मेमरी धरून बसलेल्या प्रोसेसचा निकाल लावतो. ती प्रोसेस अर्थातच माझी होती. अशा वेळी डीमेसेज या कमांडने कर्नलचा लॉग बघा, कुठल्या प्रोसेसला मारलं आणि तिच्याकडे किती मेमरी होती ते तिथे लिहिलेलं असतं. जॉब स्क्रिप्टमधून चालवला असेल तर एक्झिट कोड १३७ दिसतो. १२८ अधिक सिग्नल क्रमांक ९. हा १३७ ओळखायला शिका, पीएचडीत तो बऱ्याचदा भेटतो.

तुम्ही विचाराल, मेमरी नव्हती तर पायथनने आधीच 'मेमरी एरर' का दिली नाही? कारण लिनक्स उधारीवर मेमरी देतो. तुम्ही १२.८ जीबी मागितली की तो म्हणतो घे, आणि प्रत्यक्षात पान तेव्हाच देतो जेव्हा तुम्ही त्यात पहिल्यांदा काही लिहिता. डिफॉल्ट सेटिंगमध्ये तो फक्त अगदी उघड अशक्य मागणीला नकार देतो, म्हणजे रॅम आणि स्वॅप मिळूनही जी मावणार नाही अशी मागणी. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढच्या फजितीत ते परत येणार आहे.

तर, त्या रात्री मशीनवर फक्त ८ जीबी स्वॅप असतं तर काय झालं असतं? कर्नलने बघितलं असतं की या ६.४ जीबीला बराच वेळ कुणी हात लावलेला नाही. ती पानं एकदा डिस्कवर गेली असती आणि परत आलीच नसती. रॅममध्ये १२.८ जीबीचा तक्ता आरामात राहिला असता. माझा जॉब रात्रीत संपला असता आणि स्वॅप वापरलं गेलं हे मला कळलंही नसतं. चांगलं स्वॅप असंच असतं. एकदा लिहिलं आणि विसरलं.

अर्थात खरा उपाय स्वॅप नव्हता, तो जुना व्हेरिएबल डिलीट करणं हा होता. एका ओळीचं काम. पण तुम्ही लिहिलेल्या आणि दुसऱ्यांनी लिहिलेल्या कोडमध्ये अशी थंड पडलेली मेमरी किती असते याची कल्पना नसते. नोटबुकमध्ये दुपारी उघडलेली डेटाफ्रेम, ब्राउझरचे तीस टॅब, काल रात्रीपासून उघडं असलेलं आर स्टुडिओ. हे सगळं टेबलावर धूळ खात असतं.

बरं, स्वॅप नसलं की मशीन हँग होत नाही, थेट प्रोसेस मरते आणि मोकळं होतं, असं बरेच जण म्हणतात. अर्धवट खरं आहे. मरण्याआधी कर्नल पुस्तकं परत करत सुटतो म्हटलं ना, त्यात तुम्ही आत्ता वाचत असलेलं पुस्तकही जातं. म्हणजे चालू प्रोग्रॅमच्या कोडची पानंही फेकली जातात आणि पुढच्या क्षणी डिस्कवरून परत आणावी लागतात. पुन्हा फेकली, पुन्हा आणली. स्वॅप शून्य असूनही डिस्कचा दिवा सतत लागलेला आणि माउस अडकलेला, हा प्रकार तुम्ही पाहिला असेल तर त्याचं कारण हे आहे. नोट्स हलवता येत नाहीत म्हणून सगळा भार पुस्तकांवर.

दुसरी फजिती

पहिल्या प्रसंगानंतर मी जिद्दीने ३२ जीबी स्वॅप दिलं. रॅमच्या दुप्पट, कारण सगळीकडे तसंच लिहिलेलं. ४०,००० तुकड्यांचा जॉब सुरळीत झाला, समितीचं पार पडलं, मी खूश. दीड महिन्यात तुकडे ६०,००० झाले. मी तोच कोड लावला आणि घरी गेले.

हिशोब करा. ६०,००० चा वर्ग ३६० कोटी. पूर्ण तक्ता २८.८ जीबी, अर्धा तक्ता १४.४ जीबी, मिळून ४३.२. रॅम आणि स्वॅप मिळून ४८. म्हणजे कर्नलच्या दृष्टीने मागणी अशक्य नाही, घे म्हणाला. स्वॅप नसतं तर २८.८ ची मागणी १६ जीबीच्या मशीनने तिथल्या तिथे नाकारली असती, मला संध्याकाळी सहालाच मेमरी एरर दिसली असती आणि मी कोड सुधारला असता. स्वॅपने ती प्रामाणिक एरर गिळून टाकली.

माझा गट पाडणारा कोड प्रत्येक फेरीत अख्खा तक्ता पहिल्या ओळीपासून शेवटच्यापर्यंत वाचायचा. तक्ता २८.८ जीबीचा, रॅम १६. शेवटाकडे पोचेपर्यंत सुरुवातीची पानं माळ्यावर गेलेली. पुढची फेरी सुरू झाली की तीच लागणार, मग ती आणायला दुसरी वर टाकायची. यात थंड असं काहीच नाही, सगळंच गरम. सकाळी लॅबमध्ये आले तर मशीन जिवंत होतं पण काही करत नव्हतं. दुसऱ्या मशीनवरून लॉगिन करायचा प्रयत्न केला, पासवर्ड विचारला आणि पुढे काहीच नाही. वीस मिनिटं वाट बघून मी पॉवरचं बटण दाबून धरलं.

त्याच मशीनवर मित्राचं सिम्युलेशन तीन दिवस चालू होतं. मधले टप्पे तो डिस्कवर साठवत नव्हता. त्याने मला काही बोलून दाखवलं नाही, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट होतं.

या प्रकाराला थ्रॅशिंग म्हणतात, आणि तो समजावून सांगणारं काम एका पीएचडीच्या विद्यार्थ्याचंच आहे, म्हणून थोडं त्याबद्दल. रॅम आणि मागे मोठं, हळू साठवण यांना मिळून एकच मेमरी भासवायची ही कल्पना मँचेस्टरच्या ॲटलास संगणकात १९६२ साली प्रत्यक्षात आली. १६ हजार शब्दांची कोअर मेमरी आणि ९६ हजार शब्दांचा फिरता ड्रम. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला सगळं एकच दिसायचं. कल्पना पसरली, पण साठच्या दशकात लोकांना एक विचित्र गोष्ट दिसू लागली. एकाच मशीनवर एकेक प्रोग्रॅम वाढवत नेला की काम वाढत जातं, वाढत जातं, आणि मग अजून एकच प्रोग्रॅम टाकला की मशीन हळूहळू मंद होत नाही, कोसळतं. पीटर डेनिंग तेव्हा एमआयटीत पीएचडी करत होते. १९६८ साली त्यांनी मांडलं की प्रोग्रॅमने एकूण किती मेमरी धरली आहे याला फारसा अर्थ नाही. अलीकडच्या काळात त्याने प्रत्यक्षात कुठल्या पानांना हात लावला तेवढा संच महत्त्वाचा. त्याला त्यांनी वर्किंग सेट म्हटलं. सगळ्या चालू प्रोग्रॅमचे वर्किंग सेट मिळून रॅममध्ये मावले तर सगळं ठीक. मावले नाहीत तर मशीनचा सगळा वेळ पानं आत-बाहेर करण्यात जातो.

आता माझ्या दोन रात्री शेजारी ठेवून बघा. पहिल्या रात्री धरलेली मेमरी १९.२, वर्किंग सेट १२.८, रॅम १६. स्वॅप हवं होतं. दुसऱ्या रात्री धरलेली ४३.२, वर्किंग सेट २८.८, रॅम १६. कितीही स्वॅप दिलं असतं तरी उपयोग शून्य, उलट नुकसान. 'स्वॅप हवं का' या प्रश्नाचं उत्तर रॅमच्या आकड्यात नाही, या दोन आकड्यांमधल्या फरकात आहे. थंड मेमरी स्वॅपमध्ये जाऊ शकते. गरम मेमरीला रॅमच लागते.

का लागते, हेही ढोबळ आकड्यांत पाहा. रॅममधून एक गोष्ट आणायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात. चांगल्या एनव्हीएमई एसएसडीला साधारण १०० मायक्रोसेकंद, म्हणजे हजारपट. फिरत्या हार्ड डिस्कला १० मिलिसेकंदांच्या आसपास, म्हणजे लाखपट. रॅमचा एक सेकंद धरला तर एसएसडीला पावणेसतरा मिनिटं आणि हार्ड डिस्कला एका दिवसाहून जास्त. एखादं पान वर्षातून एकदा माळ्यावरून काढायचं असेल तर सतरा मिनिटं चालतील. प्रत्येक ओळीला शिडी लावायची असेल तर नाही.

मग 'दुप्पट द्या' हा नियम आला कुठून? तो कुणी खोटा पसरवलेला नाही, शिळा झालाय एवढंच. जेव्हा रॅम मेगाबाइटमध्ये मोजत होते तेव्हा दुप्पट म्हणजे फार मोठी जागा नव्हती. शिवाय २००१ मधल्या लिनक्स २.४ च्या सुरुवातीच्या आवृत्त्यांमध्ये स्वॅपमधून पान परत रॅममध्ये आलं तरी स्वॅपमधली जागा अडकूनच राहायची, त्यामुळे तेव्हा खरोखरच भरपूर स्वॅप द्यावं लागायचं. ते कारण गेलं, नियम मागे राहिला. संशोधनात असे बरेच नियम भेटतील. कारण विचारल्याशिवाय थीसिसमध्ये घालू नका, गाइड विचारतातच.

तुमच्या मशीनवर बघायचं कसं

एक दिवस नेहमीचं काम करा आणि मध्येच फ्री ही कमांड चालवा. 'फ्री' नावाचा रकाना बघून घाबरू नका, लिनक्स रिकामी रॅम फाइल्सच्या पुस्तकांसाठी वापरून टाकतो, ते चांगलंच आहे. 'अव्हेलेबल' हा रकाना बघा. जड काम चालू असतानाही तो कायम निम्म्याच्या वर असेल तर तुम्ही स्वॅपवर विचार करण्यात वेळ घालवू नका, छोटी फाइल द्या आणि पुढे चला.

स्वॅप आधीपासून असेल तर व्हीएमस्टॅट कमांड दर सेकंदाला चालवा आणि स्वॅपमधून आत येणारं आणि बाहेर जाणारं असे दोन रकाने असतात, एसआय आणि एसओ, तेवढेच बघा. इथे बहुतेकांची चूक होते. स्वॅपमध्ये २ जीबी 'वापरलेलं' दिसलं की लोक घाबरतात. २ जीबी पडून असणं ही काही समस्या नाही, ती थंड पानं आहेत, पडू देत. हे दोन रकाने सतत, मिनिटामागून मिनिट हलत असतील तर समस्या आहे. साठा बघू नका, ये-जा बघा. एसएसडी झिजण्याची भीतीही इथेच निकालात निघते, कारण एकदा लिहून पडून राहिलेल्या पानांनी झीज होत नाही, रात्रभर चाललेल्या थ्रॅशिंगने होते.

४.२० नंतरच्या कर्नलमध्ये याहून चांगलं मोजमाप आहे, प्रेशर स्टॉल इन्फर्मेशन. प्रॉक डिरेक्टरीतल्या प्रेशर फोल्डरमध्ये मेमरी नावाची फाइल असते. गेल्या १० सेकंदांत, ६० सेकंदांत आणि ३०० सेकंदांत किती टक्के वेळ प्रोसेस केवळ मेमरीची वाट बघत थांबल्या, ते ती सांगते. शून्याच्या आसपास असेल तर निवांत राहा.

आणि ही गोष्ट जरा थांबून वाचा, कारण ती तुमच्या पेपरशी निगडित आहे. तुम्ही 'आमची पद्धत इतक्या सेकंदांत चालते' असं लिहिणार असाल आणि ते मोजताना मशीन स्वॅप करत असेल, तर तुम्ही तुमची पद्धत मोजलेली नाही, तुमची डिस्क मोजली आहे. शेलचा नव्हे, तर स्वतंत्र टाइम प्रोग्रॅम सविस्तर पर्यायासह चालवा. तो जास्तीत जास्त किती रॅम व्यापली आणि मेजर पेज फॉल्ट किती झाले ते देतो. मेजर फॉल्ट म्हणजे डिस्कवर जावं लागलं असे प्रसंग. दोन पद्धतींची तुलना करताना एकीचे मेजर फॉल्ट नगण्य आणि दुसरीचे लाखांत असतील तर ती तुलना फेकून द्या. आणखी एक खाच, रॅमचा तो कमाल आकडा स्वॅपमध्ये गेलेली पानं धरत नाही. म्हणजे स्वॅप झालं असेल तर तुमचा प्रोग्रॅम आहे त्यापेक्षा काटकसरी दिसतो. हे माझ्या एका ड्राफ्टमध्ये झालं होतं, सुदैवाने रिव्ह्यूअरच्या आधी मला दिसलं.

मग द्यायचं किती? माझं मत सांगते. स्वतःच्या लॅपटॉपवर १६ जीबी रॅम असेल तर ४ ते ८ जीबी. थंड मेमरी त्याहून जास्त सहसा नसते, आणि जास्त दिलं तर काय होतं ते वर सांगितलं. रॅम ६४ जीबी असली तरी शून्य करू नका, दोन-चार जीबी राहू द्या, टेबलावर धूळ खाणारे कागद तिथेही असतात. वेगळं पार्टिशन करायची गरज नाही. उबुंटू १७.०४ पासून इन्स्टॉलर पार्टिशनऐवजी स्वॅप फाइलच करतो, आणि फाइल नंतर बंद करून लहान-मोठी करता येते. म्हणजे इन्स्टॉल करताना रात्री साडेअकराला टेन्शन घ्यायची गरजच नव्हती! फाइल हाताने केलीत तर तिची परवानगी ६०० ठेवा. तुमच्या मेमरीत जे जे होतं ते सगळं तिथे लिहिलं जातं. तुमचा डेटा रुग्णांचा किंवा मुलाखतींचा असेल तर डिस्क, स्वॅपसकट, एन्क्रिप्ट केलेली हवी. नैतिकता समितीला 'डेटा पासवर्डखाली आहे' असं लिहून देताना स्वॅप फाइल कुणाच्या लक्षातही नसते.

८ जीबीचा जुना लॅपटॉप असेल तर झेडरॅम बघा. यात माळा रॅममध्येच असतो, पण कागद घट्ट दाबून ठेवलेले. थंड पानं डिस्कवर न नेता कॉम्प्रेस करून रॅमच्या एका भागात ठेवतात. फेडोराने २०२० मध्ये आवृत्ती ३३ पासून हेच डिफॉल्ट केलं. ब्राउझर, एडिटर, मजकूर यांसाठी फारच छान. पण संशोधनातला डेटा हा वेगळा प्राणी आहे. माझ्या अंतरांच्या तक्त्यासारखे दशांश आकडे, ज्यात शेवटचे अंक जवळपास यादृच्छिक असतात, ते नीट दाबलेच जात नाहीत. तिथे झेडरॅमचा फायदा नाही, उलट कॉम्प्रेस करण्यात प्रोसेसर खर्ची पडतो.

स्वॅपीनेस नावाच्या सेटिंगबद्दलही विचाराल. डिफॉल्ट ६० असतं, आणि ते १० करा असा सल्ला सगळीकडे मिळतो. तो आकडा 'रॅम ६० टक्के भरली की स्वॅप सुरू' असा अजिबात नाही. पुस्तकं परत करणं आणि नोट्स माळ्यावर टाकणं यांपैकी कर्नलने कशाला किती महाग समजावं, एवढंच तो सांगतो. मोजल्याशिवाय हात लावू नका.

सामायिक मशीन असेल तर स्वॅपपेक्षा मर्यादा जास्त महत्त्वाची. जड जॉब सिस्टमडी-रन कमांडमधून चालवा आणि मेमरीमॅक्स हा पर्याय द्या, समजा १० जीबी. त्याच वेळी मेमरीस्वॅपमॅक्सही द्या, नाहीतर जॉब मर्यादेला टेकला की स्वॅपमध्ये पसरतो. मग तुमचा जॉब हद्द ओलांडेल तेव्हा तो एकटा मरेल, शेजाऱ्याचा नाही. मोठ्या क्लस्टरवर हा निर्णय तुमचा नसतोच. तिथे स्लर्मसारखा शेड्यूलर तुम्ही मागितलेल्या मेमरीवर बोट ठेवून असतो आणि ओलांडली की जॉब बंद करतो. तिथे किती मागायची हे कळायला पुन्हा तोच टाइम प्रोग्रॅम, छोट्या डेटावर, आणि मग कागदावर वर्ग करून हिशोब.

तो हिशोब मी ६०,००० तुकड्यांसाठी शेवटी केला. पूर्ण तक्ता बनवायचाच नाही, अर्ध्यावर काम करायचं, १४.४ जीबी. अंतरांना ८ बाइटची अचूकता लागत नाही, ४ पुरतात. ७.२ जीबी. कोड बदलायला दोन दिवस गेले. लॅबच्या मशीनवर आता ८ जीबीची स्वॅप फाइल आहे, प्रत्येक जॉबला मर्यादा आहे, आणि मित्राचं सिम्युलेशन दर तासाला स्थिती डिस्कवर लिहितं. तो कोड मी त्याला लिहून दिला, न विचारता.

हे सगळं मी ज्युनिअरला फोनवर सांगितलं. शेवटी तो म्हणाला, "ताई, एक राहिलं. मला गावी जाताना लॅपटॉप हायबरनेट करायचा असतो, सगळं उघडं ठेवून." अरे, हे आधी सांगायचं ना! हायबरनेटमध्ये रॅमचं चित्र स्वॅपमध्येच लिहिलं जातं, आणि झेडरॅम त्याला चालत नाही कारण वीज गेली की तोही गेला. चित्र कॉम्प्रेस होतं, पण भरवसा नको, रॅमएवढं तरी हवं. म्हणून त्याचं उत्तर बदललं. नेहमीच्या वापरासाठीचे काही जीबी धरून २० जीबी. त्याआधी सिक्युअर बूट चालू आहे का ते बघ म्हटलं, ते चालू असेल तर बऱ्याच डिस्ट्रिब्युशनमध्ये हायबरनेट बंदच असतं. त्याने बघितलं. चालू होतं. आता तो ते बंद करायचं की गावी जाताना टॅब बंद करायचे, यावर विचार करतोय.